काचेआडचे घडीचे चाकू: वर्षानुवर्षं मांडून ठेवल्यावर त्यांचं काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सरला की संग्राहक कपाटं उघडतात आणि मग हे प्रश्न यायला लागतात. कुणाला वडिलांच्या कपाटात जुना व्हिक्टोरिनॉक्स सापडलेला असतो, कुणी अमेरिकेतून केस कंपनीचे चाकू जमवत आणलेले असतात, कुणाकडे आजोबांचा, इंग्लंडमधल्या शेफिल्डचा पेननाइफ असतो. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. चाकू कधी वापरलाच नाही, नुसता काचेआड ठेवला आहे. मग तो खराब कशाने होणार?

वापरातला चाकू हाताळला जातो, पुसला जातो, त्याला अधूनमधून तेल लागतं. काही बिघडायला लागलं तर लगेच दिसतं. काचेआडचा चाकू समोरून चकचकीत दिसत राहतो, पण त्याची मागची बाजू, पात्याचा बुंधा (सांध्याजवळचा भाग) आणि मुठीच्या आतली फट वर्षभर कुणी बघत नाही.

शिवाय घडीचा चाकू एकाच वस्तूचा बनलेला नसतो. जुन्या अमेरिकन किंवा इंग्लिश चाकूत पातं आणि स्प्रिंग कार्बन स्टीलची, मुठीच्या आतल्या पट्ट्या म्हणजे लायनर पितळेचे, टोकांवरचे बोल्स्टर जर्मन सिल्व्हरचे (तांबं-निकेल-जस्ताचा मिश्रधातू, त्यात चांदी नसते) आणि मूठ हाडाची, शिंगाची, लाकडाची किंवा सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकची असते. पोलादाला कोरडी हवा लागते, हाडाला अगदी कोरडी हवा सोसत नाही आणि सेल्युलॉइड तर बाकीच्यांनाच खातं.

माझं ठाम मत असं आहे की संग्रहातलं बहुतेक नुकसान वय झाल्यामुळे होत नाही. ते बंद कपाटातल्या हवेमुळे होतं, आणि ती हवा कशी असेल हे आपण आत काय काय ठेवतो त्यावर ठरतं. पुढची बरीच उत्तरं याच मुद्द्यावर येतात.

२. कपाटात आर्द्रता किती असावी? मी मुंबईत राहतो, माझा भाऊ नागपूरला.

मिश्र संग्रहासाठी ४५ ते ५० टक्के. साधारण ६० ते ६५ टक्क्यांच्या वर गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो, आणि पात्यावर मिठाचा अंश असेल तर त्याहून कमी आर्द्रतेतही गंज चालू राहतो. हाड, शिंग आणि लाकूड ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान स्वस्थ असतं.

जुलैमध्ये मुंबई, रत्नागिरी, पणजी इथे हवा सहज ८५ टक्क्यांच्या वर जाते, आणि समुद्राकडून येणाऱ्या हवेत मीठ असतंच. त्यामुळे तुमचा शत्रू गंज. नागपूर-अकोल्याला मे महिन्याच्या दुपारी हीच आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास येते. भावाच्या चाकूंची पाती ठणठणीत राहतील, पण हाडाच्या मुठींना पिनेपाशी तडे जातील. कॅनडात किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी हिवाळ्यात हीटर लावलेलं घर विदर्भातल्या उन्हाळ्याइतकंच कोरडं समजावं.

एखाद्या दिवसाच्या आकड्यापेक्षा चढउतार जास्त घातक. वर्षभर ५५ टक्क्यांवर स्थिर असलेलं कपाट मी ३० आणि ७० मध्ये हेलकावे खाणाऱ्या कपाटापेक्षा कधीही पसंत करेन.

३. हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारा मीटर) घेतला, पण तो बरोबर दाखवतो हे कशावरून?

बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला. मीठ पूर्ण विरघळता कामा नये. ते झाकण आणि हायग्रोमीटर एका घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवा. आतली हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मीटरने ७० दाखवलं तर तो ५ ने कमी दाखवतो, हे लक्षात ठेवून वाचा. मीटर खोलीत टांगू नका, कपाटाच्या आत ठेवा. दोन्ही ठिकाणची हवा वेगळी असते.

४. माझे सगळे चाकू स्टेनलेस आहेत. तरी बारीक तपकिरी ठिपके आले. फसवणूक झाली का?

नाही. क्रोमियममुळे स्टेनलेसवर जो अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो, तो क्लोराइडमुळे म्हणजेच मिठामुळे जागोजागी फुटतो, आणि तिथे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. चाकूच्या स्टेनलेसमध्ये धार टिकावी म्हणून कार्बनही बऱ्यापैकी असतो, त्यामुळे ते जेवणाच्या ताट-वाटीच्या स्टीलइतकं निर्धास्त नसतं.

मीठ येतं कुठून? खाऱ्या हवेतून आणि आपल्या बोटांतून. पाहुण्याने चाकू हातात घेतला, पात्यावर अंगठा फिरवला आणि परत ठेवला, तर महिन्याभरात तिथे अंगठ्याचा ठसा तपकिरी रेषांत उमटलेला दिसू शकतो. कार्बन स्टीलवर तर तो धातूत खोल जातो आणि मग पुसून निघत नाही. हाताळायचं असेल तर नायट्राइलचे हातमोजे वापरा आणि परत ठेवण्याआधी पातं पुसा.

५. पातं उघडं ठेवून मांडावं, मिटून, की अर्धं उघडून? अर्धं उघडलेलंच सगळ्यांत छान दिसतं.

छान दिसतं, हे खरं. पण कुलूप नसलेल्या, नुसत्या पाठीच्या स्प्रिंगवर चालणाऱ्या चाकूत स्प्रिंगवरचा ताण पातं पूर्ण मिटलेलं किंवा पूर्ण उघडं असताना सर्वांत कमी असतो. मधल्या तिरक्या अवस्थेत पात्याच्या बुंध्याचा कोपरा स्प्रिंगला उचलून धरतो.

चांगली स्प्रिंग नुसती वाकून राहिल्याने थकत नाही. ती थकते उघडझापीने. पण ७०-८० वर्षांच्या चाकूत स्प्रिंगच्या आतल्या बाजूला गंजाचे खड्डे असू शकतात. ते बाहेरून दिसत नाहीत, आणि सतत ताणाखाली तडा तिथूनच सुरू होतो. स्प्रिंग तुटली की त्या चाकूचं संग्राहकमूल्य बहुतांशी गेलं. म्हणून जुन्या चाकूंना अर्धवट उघडं ठेवू नका. एक पातं पूर्ण उघडं, बाकीची मिटलेली, अशी मांडणीही देखणी दिसते. वर्षानुवर्षं ठेवायचा असेल तर आतून स्वच्छ करून, मिटून ठेवा. सेल्युलॉइडच्या मुठी याला अपवाद आहेत, प्रश्न १० पाहा.

६. खोबरेल तेल लावलं तर चालेल का? घरात तेच असतं.

नको. वनस्पती तेलं कालांतराने खवट होतात, त्यातून मोकळी होणारी आम्लं पितळेवर हिरवा थर आणतात. करडई, जवस यांसारखी तेलं तर हवेत घट्ट होऊन चिकट पापुद्रा धरतात, आणि सांध्यात गेलेला तो पापुद्रा काढताना जीव मेटाकुटीला येतो.

खनिज तेल वापरा. औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळतं. शिलाई मशीनचं पातळ तेलही चालतं. कापडावर दोन थेंब घेऊन पात्यावर फिरवायचे, मग कोरड्या कापडाने जवळजवळ सगळं पुसून घ्यायचं. डोळ्याला दिसेल इतकं तेल म्हणजे जास्त तेल. त्यावर धूळ बसते, धूळ ओलावा धरते, आणि मुठीत झिरपलेलं तेल हाड-लाकूड कायमचं काळवंडवतं. सांध्यात सुईच्या टोकावरून एक थेंब पुरे.

जो चाकू खरोखर हलवायचाच नाही, त्याच्या पात्याला तेलापेक्षा मायक्रोक्रिस्टलाइन मेण बरं. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५०च्या दशकात तयार झालेलं रेनेसान्स वॅक्स याच जातीचं. पातळ हात फिरवायचा, थोडं सुकू द्यायचं, मऊ कापडाने पुसायचं. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला उत्तम आहे, पण मागे राहणारा थर इतका पातळ असतो की लांबच्या मुदतीसाठी त्याच्या भरवशावर राहू नये.

७. सुताराकडून खास लाकडी शोकेस करून घेतली आणि सहा महिन्यांत चाकू काळवंडले. लाकूड तर नैसर्गिक असतं ना?

नैसर्गिक असलं तरी लाकडातून ॲसिटिक आम्लाची वाफ बाहेर पडत राहते. ओक आणि चेस्टनट त्यात सर्वांत वाईट. परदेशातून आणलेल्या जुन्या ओकच्या पेट्या देखण्या असतात, पण चाकूंसाठी घातक. आपल्याकडे शोकेस बहुधा प्लायवूड किंवा एमडीएफची असते. त्यांच्या चिकटद्रव्यातून फॉर्माल्डिहाइड येतं, आणि ते पुढे फॉर्मिक आम्ल होतं. सांध्यात भरलेला पांढरा गोंदही ॲसिटिक आम्ल सोडतो. काचेच्या कडांना लावलेलं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तर वाळताना सरळ ॲसिटिक आम्लच सोडतं. यावर ताजं पॉलिश, आणि मग धूळ नको म्हणून सगळं घट्ट बंद. आत जे साचतं त्यात पितळ, शिसं आणि पोलाद कुणीच सुखी राहत नाही.

संग्रहालयं नवं साहित्य कपाटात घालण्यापूर्वी तपासतात. ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये मांडलेली चाचणी आजही वापरात आहे. चांदी, शिसं आणि तांब्याचे स्वच्छ तुकडे त्या साहित्याच्या नमुन्यासोबत बंद भांड्यात, भरपूर ओलाव्यात, ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस ठेवायचे आणि काय होतं ते बघायचं. घरी ढोबळ रूप करता येतं. दोन काचेच्या बरण्या घ्या, दोन्हींत घासून लख्ख केलेली तांब्याची तार आणि ओल्या कापसाचा बोळा एकमेकांना न लागेल असा ठेवा. एकीत प्लायवूडचा तुकडा टाका, दुसरी तशीच. महिन्याने दोन्ही तारा शेजारी धरून बघा.

नवं करून घेत असाल तर पावडर कोटिंग केलेला पत्रा आणि काच, किंवा ॲक्रिलिक. लाकडी कपाट आधीच असेल तर आतून ॲल्युमिनियमच्या फॉइलचं अस्तर द्या, मागे वर-खाली बारीक भोकं पाडा आणि नवं कपाट वास पूर्ण जाईपर्यंत रिकामं, उघडं ठेवा. काही आठवडे लागतात. घाई करू नका.

८. खाली मखमल घातली आहे, काही चाकू लेदरच्या पाऊचमध्ये आहेत. हे तरी ठीक?

पाऊच बाहेर काढा आणि शेजारी ठेवा. कातडं कमावताना वापरलेली आम्लं आणि क्षार त्यात राहतात, ते ओलावा धरतं, आणि त्यातल्या चरबीमुळे पितळेवर हिरवा मेणचट थर येतो. चाकू पाऊचमध्ये महिनोन्‌महिने ठेवणं ही गंजाची सर्वांत सामान्य कहाणी आहे.

लोकरीच्या फेल्टमध्ये आणि रबरात गंधक असतं. त्याने चांदी काळी पडते, आणि जर्मन सिल्व्हर मंद होतं. पिवळा-करडा फोम काही वर्षांत चिकट होऊन भुगा पडतो. पीव्हीसीची पारदर्शक पाकिटंही नकोत. न रंगवलेलं, धुतलेलं सुती कापड किंवा पॉलिएस्टर सगळ्यांत निर्धोक. इलॅस्टिकच्या पट्ट्यांत अडकवलेला चाकू पट्टीच्या रुंदीइतकाच डागाळतो, तेव्हा दर काही महिन्यांनी त्याची जागा सरकवा.

९. शोकेसमध्ये दिवा लावला आहे. स्टीलला प्रकाशाने काय होणार?

स्टीलला काही नाही. मुठीला होतं. रंगवलेलं हाड फिकं पडतं, लाकडाचा रंग बदलतो, जुन्या प्लास्टिकचं विघटन वेगाने होतं. फिका पडलेला रंग परत येत नाही, आणि नुकसान साठत जातं. मंद दिवा दहा तास लावणं आणि दहापट प्रखर दिवा एक तास लावणं यात फारसा फरक नाही. नाजूक वस्तूंसाठी संग्रहालयं साधारण ५० लक्सचा (लक्स म्हणजे उजेडाचं माप) दंडक पाळतात. हॅलोजन काढा, त्याची उष्णता कपाट तापवते. एलईडी लावा, तो कपाटाच्या बाहेर ठेवा, आणि पाहुणे गेले की बंद करा. थेट ऊन पडणारी भिंत टाळा.

एक लक्षण सांगतो. मांडणीतला चाकू उलटा करून बघा. मागची बाजू समोरच्या बाजूपेक्षा गडद असेल तर ऊन किंवा दिवा आपलं काम करून गेला आहे.

१०. एकाच खणातले चार चाकू ठीक आहेत, पण एकाच्या आजूबाजूचे दोन गंजले. असं कसं?

मधल्या चाकूची मूठ बघा. बहुधा ती सेल्युलॉइडची आहे. हा प्रश्न कमी लोक विचारतात, पण संग्रह उद्ध्वस्त होतात ते यानेच, म्हणून सविस्तर सांगतो.

सेल्युलॉइड म्हणजे सेल्युलोज नायट्रेट आणि कापूर यांचं मिश्रण. अमेरिकेत हायट बंधूंनी १८७०च्या सुमारास ते बाजारात आणलं आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चाकूंच्या मुठींसाठी ते भरपूर वापरलं गेलं, कारण त्यात हस्तिदंत, कासवाची पाठ, शिंपला, झळाळते रंग यांची हुबेहूब नक्कल करता येत असे. कालांतराने त्यातला कापूर उडून जातो, मूठ आकसते, आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स बाहेर पडू लागतात. हवेतल्या ओलाव्याशी मिळून त्यांचं नायट्रिक आम्ल होतं. हे आम्ल आधी चाकूच्या स्वतःच्या पात्याला खातं, मग शेजारच्याला. बंद खणात वाफ कोंडून राहते आणि त्या वाफेनेच विघटन आणखी वाढतं. एकदा सुरू झालं की थांबवता येत नाही, फक्त मंद करता येतं.

जवळून पाहिलं तर क्रम असा असतो. प्रथम पिनेभोवती केसाएवढे तडे. मग बोल्स्टर आणि मूठ यांच्यामध्ये नखाची कड जाईल इतकी फट, कारण मूठ आकसली. नंतर मुठीच्या रेषेत जर्मन सिल्व्हरवर हिरवट ओलसर दाणे. पातं उघडलं की मुठीत झाकला जाणारा भागच गंजलेला, आणि बाहेर राहणारा बुंधा स्वच्छ. शेवटी मूठ साखरेच्या खड्यासारखी तुकड्या-तुकड्यांनी फुटते. पारदर्शक, पिवळसर आणि कासवाच्या पाठीसारखे रंग आधी जातात. अपारदर्शक काळे सहसा जास्त टिकतात.

काय करायचं? असे चाकू संग्रहातून वेगळे काढा. हवेशीर, थंड, अंधाऱ्या जागी ठेवा, हवाबंद डब्यात कधीच नको. कोंडलेली वाफ निघून जावी म्हणून पाती उघडी ठेवा. लक्षणं नसलेलेही एकमेकांपासून लांब ठेवा. सेल्युलोज नायट्रेट अत्यंत ज्वालाग्राही असतं, म्हणून देवघर, गॅस आणि गरम दिव्यापासून दूर.

११. माझी मूठ सेल्युलॉइडचीच आहे हे ओळखू कसं? कुणीतरी गरम सुई टोचायला सांगितलं.

टोचू नका. वस्तू तर बिघडतेच, आणि ती पेट घेऊ शकते. अंगठ्याने मूठ जोरात घासून गरम करा आणि लगेच वास घ्या. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. आपल्याकडे तो वास लहानपणापासून ओळखीचा असतो, त्यामुळे चूक सहसा होत नाही. व्हिनेगरसारखा वास आला तर बहुधा सेल्युलोज ॲसिटेट. ते जळायला इतकं भयंकर नसतं, पण त्याचीही आम्लवाफ शेजाऱ्यांना लागते. वास आलाच नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, कापूर उडून गेलेला असू शकतो. व्हिक्टोरिनॉक्सची लाल चकचकीत मूठ सेल्युलॉइडची नसते. ती सेलिडोर नावाच्या प्लास्टिकची असते, तेही सेल्युलोजपासूनच बनतं पण नायट्रेट नव्हे.

१२. हाड, सांबरशिंग आणि शिंपल्याच्या मुठींना वेगळी काळजी लागते का?

लागते. हाड आणि शिंग ओलाव्याबरोबर फुगतात-आकसतात, आणि पिनांनी जखडलेले असल्यामुळे तडकतात. कोरड्या गावात त्यांच्या शेजारी सिलिका जेल ठेवणं म्हणजे तड्याला आमंत्रण. सांबरशिंगाला आपला खास इतिहास आहे. शेफिल्ड आणि अमेरिकेतले कारखाने मुठींसाठी कित्येक दशकं भारतातलं सांबरशिंग मागवत. १९९०च्या दशकाच्या शेवटी निर्यात थांबली, त्यामुळे जुन्या मुठी आणखी मोलाच्या झाल्या. म्हशीच्या शिंगाला आणि लोकरीला बारीक भुंगे लागतात. मुठीवर खाचा आणि खाली भुसा दिसला तर चाकू लगेच वेगळा काढा.

शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. लाकडी कपाटातली आम्लवाफ त्याच्यावर पांढरी भुकटी आणते. शंख-शिंपल्यांचे संग्राहक याला बाइन्स डिसीज म्हणतात. ही बुरशी नसून क्षार असतो, आणि पुसला तरी झीज भरून येत नाही. उपाय कपाट बदलणं, प्रश्न ७.

हस्तिदंताच्या मुठीबद्दल एवढंच सांगतो की भारतात त्याच्या व्यापाराला बंदी आहे. विकण्या-विकत घेण्याचा विचारही करण्याआधी वन विभागाकडे चौकशी करा.

१३. ओपिनेल या लाकडी मुठीच्या फ्रेंच चाकूचं पातं पावसाळ्यात उघडतच नाही. बिघडला का?

नाही. बीच लाकडाची मूठ फुगून पात्याला आवळते. पक्कडीने ओढू नका. १९५५ नंतरच्या मोठ्या नमुन्यांना असलेली कुलुपाची कडी मोकळी करा आणि मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोका, पातं बाहेर येतं. फ्रान्सच्या सव्वॉय भागातले लोक पूर्वापार असंच उघडतात. कोरड्या दिवसांत ते आपोआप सैल होईल. लाकूड तासायचा मोह आवरा, नाहीतर डिसेंबरात पातं खुळखुळेल.

१४. पात्यावर करडी-निळी छटा आली आहे. गंज आहे का? पॉलिश करून घेऊ?

कार्बन स्टीलवरची करडी-निळी, बोटाला न लागणारी छटा हा स्थिर थर आहे. तो राहू द्या. लाल-केशरी, बोटाला भुकटी लागणारा तो गंज. त्यावर खनिज तेलाचा थेंब टाका, दिवसभर राहू द्या आणि तांब्याच्या नाण्याच्या किंवा बांबूच्या काडीच्या कडेने हलकेच खरवडा. सँडपेपर, बफिंग मशीन, धार लावणाऱ्याचं चाक यांपैकी काहीही नको. कारखान्यातली मूळ झिलई आणि पात्यावरचं कोरीव नाव एकदा गेलं की कुणालाही परत आणता येत नाही. जाणकार खरेदीदार डागाळलेलं मूळ पातं चकचकीत केलेल्या पात्यापेक्षा वरचं मानतो, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

१५. पितळेवरचा हिरवा थर चिंचेने काढला तर?

भांड्याला चिंच चालते, कारण भांडं नंतर खळखळून धुता येतं. चाकूच्या लायनरमागे गेलेलं आम्ल आणि पाणी धुता येत नाही. ते स्प्रिंगला आतून गंजवतं, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेत असल्यामुळे मूठ आतून ढकलली जाऊन तडकते. लिंबू, पितांबरी, तांब्या-पितळेची कुठलीही पावडर इथे नको. बांबूच्या टूथपिकच्या टोकावर खनिज तेल घ्या आणि थोडं थोडं काढा. थर सेल्युलॉइडच्या कडेने येत असेल तर प्रश्न १०. हीच पद्धत पितळ-लोखंडाच्या जुन्या अडकित्त्यांनाही लागू पडते.

१६. सिलिका जेल, डांबराच्या गोळ्या, व्हीसीआय कागद: यातलं काय ठेवू?

सिलिका जेल ठेवा, पण फक्त धातूच्या चाकूंसोबत किंवा हायग्रोमीटरवर लक्ष ठेवून. रंग बदलला की साधारण १०० ते १२० अंशांवर तापवून पुन्हा वापरता येतं. वर्षानुवर्षं न तापवलेली पुडी निव्वळ शोभेची.

डांबराच्या गोळ्या अजिबात नकोत. त्यांच्या वाफेने काही प्लास्टिकं मऊ पडतात. व्हीसीआय कागद, म्हणजे गंज रोखणारी वाफ सोडणारा कागद, पोलादासाठी उत्तम, मात्र काही प्रकार पितळेला बाधतात, म्हणून एकापेक्षा जास्त धातूंसाठीचा मागून घ्या.

१७. खोलीत एसी आहे, म्हणजे हवा कोरडी. तरी गंज आला.

एसी चालू असताना कोरडी. बंद केल्यावर काय होतं ते बघा. बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर ती हवा साधारण २६ अंशांच्या खालच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव सोडते. रात्रभर २३-२४ अंशांवर असलेलं पातं सकाळी खिडकी उघडताच घामेजतं. बंद कपाट हा झटका बराच सौम्य करतं. खिडकी उघडण्याआधी तास-दोन तास एसी बंद ठेवा, आणि चाकू उघड्या मांडणीवर ठेवू नका.

१८. भिंतीवर चुंबकाच्या पट्टीला लावले तर?

स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांना ठीक. संग्रहातल्या चाकूंना नको. पट्टीवर बसलेले लोखंडाचे कण पात्याला ओरखडतात आणि स्वतः गंजून डाग पाडतात. बाहेरच्या भिंतीवर फ्रेम टांगणार असाल तर पावसाळ्यात त्या भिंतीला ओल येते का, हे एक पावसाळा बघून मगच ठरवा.

१९. किती दिवसांनी तपासावं?

कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर दर दोन आठवड्यांनी, एरवी दोन-तीन महिन्यांनी. सेल्युलॉइड दर महिन्याला. कपाट उघडल्या उघडल्या आधी वास घ्या, मग बघा. वास मिनिटभरात विरून जातो. प्रत्येक चाकूचे दोन्ही बाजूंचे फोटो एकाच उजेडात काढून ठेवा. फरक आठवणीने कळत नाही.

२०. चाकू मूळ खोक्यात, तेलकट कागदात, कधीच न उघडलेला आहे. उघडून तपासू की तसाच ठेवू?

हा सगळ्यांत अवघड प्रश्न. मूळ सील असलेल्या चाकूला जास्त किंमत येते, आणि उघडला की ती परत मिळत नाही. पण जुन्या खोक्याचा पुठ्ठा स्वतः आम्लयुक्त असतो, आणि आतल्या कागदातलं तेल कधीच सुकून गेलेलं असू शकतं.

मूठ सेल्युलॉइडची असण्याची शक्यता असेल तर बिनदिक्कत उघडा. बंद खोकं तिच्यासाठी सर्वांत वाईट जागा आहे. मूठ हाडाची किंवा लाकडाची आणि पातं कार्बन स्टीलचं असेल, आणि चाकूची काही वर्षं दमट गावात गेली असतील, तरीही मी उघडेन. आधी सीलचे फोटो, मग कागद न फाडता उलगडायचा, चाकू पुसून वेगळा ठेवायचा आणि खोकं, कागद, पावती पॉलिएस्टरच्या पाकिटात जपायची. स्टेनलेस पातं आणि आधुनिक प्लास्टिकची मूठ असेल तर सील तसंच राहू द्या आणि खोक्याच्या बाहेरची हवा सांभाळा. विकत घेणाऱ्याने मात्र न उघडलेल्या चाकूसाठी पूर्ण किंमत मोजण्याआधी आतली अवस्था लेखी मागावी. विकणारा तयार नसेल तर उघडलेल्या चाकूचीच किंमत द्यावी.